कै. बाळशास्त्री जांभेकर आणि इंग्रजी वाचनाचा अर्थ



आमच्या नांदेड व लातूर जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून आज पुष्कळ मुलें-मुली हायस्कुलांत जातात, ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. इ. स. २००० सालच्या जून महिन्यापासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविलें जाऊं लागलें. त्यामुळें नववी-दहावीस पोहोंचलेल्या मुलाच्या हाताखालून इंग्रजीचीं आठ-नऊ पुस्तकें गेलेलीं असतात. तो धडा घडघडां वाचून दाखवितो, व घरचीं माणसें ऐकून संतोष पावतात. परंतु पुस्तक मिटवून ह्या धड्यांत काय सांगितलें आहे असें त्यास विचारावें, तर तो खालीं पाहूं लागतो. डोळे ओळीवरून फिरले, जिभेनें उच्चार केले, पण अर्थ मनांत उतरला नाहीं. पुढें परीक्षेंत न पाहिलेला उतारा येतो व त्याखालीं प्रश्न असतात. तेथें पाठांतर कामास येत नाहीं. कित्येक मुलें ह्या एका विषयाच्या धास्तीनें शाळा सोडून मोलमजुरीस लागतात, आणि आईबाप म्हणतात कीं पोराच्या डोक्यांतच विद्या नव्हती.

मुलाच्या डोक्यास दोष देण्यापूर्वीं वाचन म्हणजे काय, ह्याचा विचार झाला पाहिजे. हा विचार करितांना आम्हांस एका थोर पुरुषाचें चरित्र फार उपयोगी वाटतें. दर वर्षीं ६ जानेवारी रोजीं महाराष्ट्रांत पत्रकार दिन पाळला जातो व बाळशास्त्री जांभेकर ह्यांच्या तसबिरीस हार घातला जातो. मराठी वृत्तपत्राचे जनक म्हणून त्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु ते जन्मभर शिक्षक होते, आणि त्यांचें वृत्तपत्र हेंही त्यांच्या शिक्षकपणाचेंच एक अंग होतें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. इंग्रजी वाचणाऱ्या मराठी माणसास अर्थ कसा लाभेल, ह्या प्रश्नास ज्यांनीं आरंभींच हात घातला, त्यांत बाळशास्त्र्यांचें स्थान फार वरचें आहे. म्हणून त्यांची हकीकत येथें थोडक्यांत सांगतों.

बाळशास्त्र्यांचा जन्म इ. स. १८१२ सालीं कोंकणांत, हल्लींच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील देवगड तालुक्याच्या पोंभुर्ले ह्या लहानशा गांवीं झाला. त्यांचे वडील गंगाधरशास्त्री हे विद्वान पुराणिक होते. मुलाचें मराठी व संस्कृत अध्ययन घरींच झालें. पुराणिकाचा व्यवसाय कसा असतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तो संस्कृत श्लोक म्हणतो, पण समोर बसलेले श्रोते संस्कृत जाणत नाहींत. म्हणून श्लोक म्हणून झाला कीं तो मराठींत त्याची फोड करून सांगतो, एखादा दृष्टांत देतो, आणि श्रोत्यांच्या मुद्रेवर अर्थ उमटलेला पाहिला म्हणजे पुढच्या श्लोकाकडे वळतो. मूळ शब्द एकीकडे आणि त्याचा अर्थ दुसरीकडे, असें जोडीनें चालावयाचें, ही रीत बाळशास्त्र्यांच्या कानांवर लहानपणींच पडली असली पाहिजे. पुढें त्यांनीं जें कार्य केलें, त्यांत ह्या रीतीची खूण वारंवार दिसते.

वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास ते मुंबईस आले. त्या वेळीं पेशवाई जाऊन अवघीं सात-आठ वर्षें झालीं होतीं. गव्हर्नर एल्फिन्स्टन साहेबांच्या उत्तेजनानें १८२२ सालीं शाळा व शालेय पुस्तकें ह्यांसाठीं एक मंडळी स्थापन झाली होती. तीस १८२७ पासून बॉम्बे नेटिव एज्युकेशन सोसायटी असें नांव पडलें. ह्या सोसायटीचे एतद्देशीय चिटणीस सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे हे होते. मराठी मुलांसाठीं इसापनीति व बाळमित्र हीं पुस्तकें सिद्ध करणारे ते हेच गृहस्थ. बापूंचा आश्रय बाळशास्त्र्यांस लाभला, व सोसायटीच्या शाळेंत त्यांचा इंग्रजीचा अभ्यास सुरू झाला.

त्या काळीं इंग्रजी शिकणें म्हणजे काय होतें, ह्याची आज कल्पना करणें कठीण आहे. आज मुलाच्या दप्तरांत कोश असतो, व तो नसला तर भ्रमणध्वनीवर बोट ठेवतांच शब्दाचा अर्थ पुढें येतो. बाळशास्त्र्यांच्या विद्यार्थिदशेंत कर्नल केनेडी ह्यांचा १८२४ सालचा कोश काय तो हाताशीं होता. मोल्सवर्थ साहेबांचा मोठा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं छापून निघाला. आणि इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ देणारा मोल्सवर्थ व कँडी ह्यांचा कोश तर १८४७ सालीं, म्हणजे बाळशास्त्र्यांच्या मृत्यूनंतर, बाहेर पडला. सारांश, त्या पिढीच्या मुलांस इंग्रजी शब्दाचा अर्थ बहुशः वाक्यावरून, प्रसंगावरून आणि मागच्या-पुढच्या मजकुरावरून काढावा लागे. ज्यास हें साधलें तो विद्वान झाला, आणि ज्यास साधलें नाहीं तो नुसते शब्द घोकीत राहिला. बाळशास्त्र्यांस तें उत्तम साधलें. गणित व ज्योतिष ह्या विषयांतही त्यांची गति विलक्षण होती. १८३० सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, ते सोसायटीचे दुय्यम चिटणीस झाले, व १८३२ सालीं बापू छत्र्यांच्या जागीं मुख्य चिटणीस झाले. मराठी, संस्कृत व इंग्रजी ह्यांशिवाय गुजराती, बंगाली व फारसी ह्या भाषाही त्यांनीं आपल्याशा केल्या होत्या.

आतां आम्ही त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध कार्याकडे येतों. १८३२ सालच्या जानेवारीच्या ६ तारखेस त्यांनीं दर्पण हें पत्र मुंबईंत सुरू केलें. ह्या कामीं गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन ह्यांचें त्यांस साहाय्य होतें. आरंभीं पत्र पंधरवड्यानें निघे. त्याच वर्षाच्या ४ मेपासून तें साप्ताहिक झालें. त्याची रचना ध्यानांत घेण्याजोगी आहे. प्रत्येक पानावर दोन रकाने असत. एका रकान्यांत इंग्रजी मजकूर व त्याच्या शेजारच्या रकान्यांत तोच मजकूर मराठींत. इंग्रजी रकाना साहेबलोकांस व इंग्रजी शिकूं पाहणाऱ्यांस उपयोगी पडे, आणि मराठी रकाना इतर सर्वांस. आपल्या देशबांधवांत इंग्रजी विद्येचा अभ्यास वाढावा व त्या विद्येंतील ज्ञान त्यांच्या भाषेंत पोहोंचावें, हा हेतु आरंभापासूनच उघड होता.

ह्या दोन रकान्यांच्या पानाकडे शिक्षकाच्या दृष्टीनें क्षणभर पाहूं या. इंग्रजी वाक्याची बांधणी मराठीहून निराळी. मराठींत क्रियापद वाक्याच्या शेवटीं बसतें. इंग्रजींत तें कर्त्याच्या लगेच मागून येतें. मराठींत जो-तो, जेव्हां-तेव्हां अशा जोडीनें वाक्यें गुंफावीं. इंग्रजींत एका नामाच्या पाठीमागें लांबलचक विशेषण-वाक्य लोंबत राहतें. त्यामुळें इंग्रजीच्या एकेका शब्दाखालीं एकेक मराठी शब्द मांडीत गेल्यास वाक्य बनत नाहीं, शब्दांचा ढीग मात्र होतो. दर्पणच्या मराठी रकान्यांत शब्दाखालीं शब्द मांडण्याची सोय नव्हती. तो मजकूर मराठी माणसानें वाचावयाचा असल्यामुळें तो मराठी म्हणूनच उभा राहिला पाहिजे होता. आधीं सर्व वाक्याचा आशय ध्यानांत घ्यावा आणि मग तो आपल्या भाषेच्या वळणानें सांगावा, हा धडा त्या पानावरून आपोआप मिळे. इंग्रजी वाचतां वाचतां जेथें पाय अडखळेल, तेथें नजर शेजारीं वळवावी, आशय पाहावा, व पुन्हां इंग्रजी ओळीवर यावें, अशी सोय वाचकास प्रथमच झाली. हें पत्र आठ वर्षें चाललें व १८४० सालीं बंद झालें. त्याच वर्षीं बाळशास्त्र्यांनीं दिग्दर्शन हें मासिक काढलें व त्यांत भूगोल, इतिहास, सृष्टिज्ञान इत्यादि विषय मराठींतून मांडले.

दर्पण चालूं असतांनाच त्यांचें अध्यापनाचें कामही वाढत गेलें. अक्कलकोटच्या लहान राजेसाहेबांस शिकविण्याकरितां कांहीं काळ त्यांची नेमणूक झाली होती. पुढें १८३४ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत साहाय्यक प्राध्यापक म्हणून ते नेमले गेले. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ होत. तेथें गणित व इतर विषय इंग्रजींतून शिकवावे लागत. त्यांच्या हाताखालीं शिकलेल्या विद्यार्थ्यांत दादाभाई नौरोजी हे एक होते. दादाभाई पुढें त्याच कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक झाले, व १८९२ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटांत निवडून गेले. मुंबईच्या एका पारशी घरांतील मुलगा इंग्रजी सरकारचे हिशेब वाचून त्यांतून हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा अर्थ काढतो व तो त्या सरकारच्याच सभेंत उभा राहून सांगतो, ह्यापरतें समजून वाचण्याचें मोठें उदाहरण आम्हांस दुसरें दिसत नाहीं.

बाळशास्त्र्यांच्या लेखणीस विसांवा नव्हता. नीतिकथा, बालव्याकरण, भूगोलविद्या, शून्यलब्धि गणित, हिंदुस्थानचा इतिहास अशीं शाळेस उपयोगी पुस्तकें त्यांनीं मराठींत लिहिलीं. जुने शिलालेख व ताम्रपट वाचून त्यांवर इंग्रजींत निबंध लिहिले. १८४५ सालीं ज्ञानेश्वरीची पहिली छापील प्रत त्यांनीं सिद्ध करून प्रसिद्ध केली. ज्या हातानें युरोपांतील गणित मराठींत आणलें, त्याच हातानें मराठीचा हा थोर ग्रंथ छापखान्यांत नेला. आपल्या भाषेंत ज्याची बैठक पक्की, त्यासच परभाषेचा अर्थ नीट झेलतां येतो, हें त्यांच्या आयुष्यावरून दिसून येतें.

ह्याच काळांत सरकारांत एक मोठा वाद चालूं होता. हिंदी मुलांस विद्या कोणत्या भाषेंतून द्यावी? १८३५ सालीं कलकत्त्यास मेकॉले साहेबांनीं इंग्रजीच्या बाजूनें आपला प्रसिद्ध अभिप्राय लिहिला. मुंबई इलाख्यांत मात्र एल्फिन्स्टन साहेबांच्या काळापासून देशी भाषांस मान होता. बाळशास्त्र्यांच्या मृत्यूनंतर १८४७-४८ मध्यें हा वाद मुंबईंत विकोपास गेला. शिक्षणमंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या पक्षाचे, तर कर्नल जर्विस, नाना शंकरशेट वगैरे मंडळी देशी भाषांच्या पक्षाची होती. बाळशास्त्र्यांनीं आपल्या हयातींत जें केलें तें पाहतां, ह्या भांडणांतून वाट कशी काढावी हें त्यांनीं आधींच दाखवून ठेविलें होतें असें म्हणावें लागतें. ज्ञानाचा सांठा इंग्रजींत आहे, तर मुलानें इंग्रजी वाचावें. आणि मूल मराठींत विचार करितें, तर तो अर्थ मराठींत उतरावा. दोहोंपैकीं एक रकाना कोरा ठेविला, तर पान अर्धेंच राहतें.

त्यांच्या आयुष्यांतील एक प्रसंग आमच्या मंडळ्यांशीं निकट संबंध असलेला आहे, म्हणून तो येथें सांगितला पाहिजे. मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकणारे नारायण शेषाद्रि ह्यांचा १८४३ सालीं बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपति हा लहान होता. तोही मिशनरी साहेबांकडे राहूं लागला होता. वडिलांनीं सुप्रीम कोर्टांत दाद मागितली, व कोर्टानें मुलगा वडिलांच्या स्वाधीन केला. आतां ब्राह्मण जातींत मोठा प्रश्न उभा राहिला. जो मुलगा मिशनच्या घरीं जेवलाखावला, त्यास परत जातींत घ्यावें कीं नाहीं? बहुतेक शास्त्रीमंडळींनीं नाहीं म्हटलें. बाळशास्त्र्यांनीं मुलाची बाजू घेतली. अजाण लेकरास प्रायश्चित्त देऊन घरांत घ्यावें, असा त्यांनीं आग्रह धरिला व त्यासाठीं स्वजनांचा रोष सोसला. ह्या प्रकरणांत ते आमच्या पक्षाचे नव्हते, हें उघड आहे. तथापि त्यांचा न्याय आम्ही मान्य केला पाहिजे. इतर मंडळी शास्त्राचें वचन म्हणून दाखवीत होती. तें वचन कशासाठीं आहे व समोर उभ्या असलेल्या बालकास त्याचा काय उपयोग, हें बाळशास्त्री विचारीत होते. मोठा भाऊ नारायण पुढें पाळक होऊन आमच्या मराठवाड्यांत आला, व जालना आणि त्यालगतचें बेथेल गांव हें त्याच्या सेवेचें क्षेत्र झालें. रेव्हरंड नारायण शेषाद्रि ह्यांचें नांव आमच्या प्रांतांत अजून आदरानें घेतलें जातें.

१८४० सालीं बाळशास्त्र्यांस जस्टिस ऑफ दि पीस हा मान मिळाला. १८४५ सालीं मुंबईस शिक्षक तयार करण्याचा वर्ग उघडला व त्याची व्यवस्था त्यांच्याकडे आली. पंतोजी हा शब्द त्या काळीं पुष्कळदां छडी व घोकंपट्टी ह्यांच्याशींच जोडला जाई. गांवोगांवच्या शाळांस समजून शिकविणारा शिक्षक मिळावा, म्हणून हा वर्ग होता. परंतु हें काम त्यांच्या हातून फार दिवस व्हावयाचें नव्हतें. १८४६ सालच्या मे महिन्यांत मुंबईस त्यांचें देहावसान झालें. वय अवघें चौतीस वर्षांचें. एवढ्या अल्प आयुष्यांत एका मनुष्यानें केलेलें हें काम पाहून मन थक्क होतें.

वाचकांपैकीं कोणी म्हणतील कीं मुंबईची ती जुनी हकीकत आम्हां मराठवाड्याच्या लोकांस काय कामाची? तिचें उत्तर असें. मुंबई इलाख्यांतील मुलास निदान मराठी रकाना मिळाला. आमचा प्रांत तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. येथें राज्यकारभाराची भाषा पुढें उर्दू झाली, व १९१८ सालीं हैदराबादेस निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांत वरिष्ठ शिक्षण उर्दूंतून दिलें जाई. मराठी घरांतील मूल शाळेच्या वरच्या वर्गांत गेलें म्हणजे त्यास इंग्रजीचा अर्थ पुष्कळदां उर्दूंतून घ्यावा लागे. घरची भाषा तिसऱ्याच कोपऱ्यांत राही. मराठी माध्यमाच्या शाळा येथें मोठ्या कष्टानें चालविल्या गेल्या. स्वामी रामानंद तीर्थ, ज्यांचें नांव १९९४ सालीं स्थापन झालेल्या नांदेडच्या विद्यापीठास दिलेलें आहे, ते स्वतः अंबाजोगाईच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. १९४८ सालच्या सप्टेंबरच्या १७ तारखेस निजामी राजवट संपली, व १९६० सालीं आम्ही महाराष्ट्र राज्यांत आलों. सांगण्याचें तात्पर्य, जो दुसरा रकाना मुंबईस १८३२ सालीं छापला गेला, तो आमच्या पुष्कळ मुलांस शंभर वर्षांहूनही अधिक काळ मिळाला नाहीं. आज मराठी शाळा गांवोगांव आहेत. तरी तो रकाना मुलाच्या मनांत छापला जातो कीं नाहीं, हें कोणी पाहत नाहीं.

ह्या बाबतींत बाळशास्त्र्यांच्या नंतरच्या अभ्यासकांनीं पुष्कळ भर घातली आहे. बंगालांत डाक्क्यास शिक्षकांच्या कॉलेजाचे प्रमुख असलेले मायकेल वेस्ट ह्यांनीं १९२६ सालीं आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. हिंदी मुलास इंग्रजी बोलण्यापूर्वीं वाचून समजण्याची अधिक गरज आहे, असें त्यांचें मत होतें. मुलांच्या वाचनपुस्तकांत अनोळखी शब्दांची इतकी गर्दी असते कीं अर्थाचा धागा हातीं लागतच नाहीं, हें त्यांनीं पाहिलें. म्हणून त्यांनीं दुर्मिळ शब्द काढून नित्याचे शब्द घातले, आणि नवा शब्द आला तर तो पुन्हां पुन्हां येईल अशी योजना केली. अलीकडच्या संशोधकांचेंही म्हणणें असें आहे कीं शंभर शब्दांत दोन ते पांचांहून अधिक शब्द अनोळखी असतील, तर तो मजकूर दुसऱ्याच्या मदतीवांचून नीट समजणें कठीण जातें. ज्या मुलास प्रत्येक ओळींत तीन शब्द अडतात, त्यास तेंच पुस्तक दहा वेळां वाचावयास लावून कांहीं लाभ नाहीं. त्यास आधीं सोपें पुस्तक दिलें पाहिजे.

शब्द ओळखीचा असला तरीही अर्थ हातीं येईलच असें नाहीं. इंग्रजींत स्प्रिंग हा शब्द झरा, वसंत ऋतु व उडी ह्या तिन्ही अर्थांनीं येतो. पाठांत एखादी मुलगी आपल्या धाकट्या भावास लुक आफ्टर करिते असें असतें. लुक म्हणजे पाहणें आणि आफ्टर म्हणजे नंतर, हें ज्यास पाठ आहे, तो मुलगा बेधडक सांगतो कीं ती भावाकडे नंतर पाहते. त्याचे दोन्ही शब्द बरोबर आहेत, आणि वाक्य सर्वस्वी चुकलें आहे. आई शेतावर गेली आहे, भाऊ रडत आहे, मुलगी त्यास मांडीवर घेते, हें मागच्या-पुढच्या ओळींत लिहिलेलें असतें. तिकडे लक्ष गेलें तर ती भावास सांभाळते, हें कोशावांचूनही कळतें. बाळशास्त्र्यांच्या पिढीस पुरेसा कोश नव्हता, म्हणून तिनें हीच वाट धरली. आजच्या मुलास ती वाट शिक्षकानें मुद्दाम दाखविली पाहिजे.

दोन रकान्यांत एक धोकाही आहे, तो सांगणें अवश्य आहे. शेजारीं मराठी तयार असलें, कीं आळशी वाचक इंग्रजीकडे पाहतच नाहीं. आज बाजारांत मिळणाऱ्या गाइडांनीं हेंच केलें आहे. त्यांत प्रत्येक धड्याचें भाषांतर व प्रत्येक प्रश्नाचें उत्तर तयार असतें. मूल तें पाठ करितें, आणि नवा उतारा समोर आला कीं उघडें पडतें. म्हणून आमची सूचना अशी आहे कीं मराठी रकाना आधीं हातानें झांकून ठेवावा. मुलानें उतारा प्रथम मनांत, सावकाश वाचावा. मोठ्यानें वाचण्याची घाई करूं नये, कारण उच्चारांत गुंतलेल्या मनास अर्थाकडे पाहण्यास सवड नसते. मग पुस्तक मिटवून काय समजलें तें आपल्या मराठींत, आपल्या शब्दांनीं सांगावें. चुकलें तर चुकूं द्यावें. नंतर पुस्तक उघडून, कोणत्या ओळीवरून तसें म्हटलें, ती ओळ बोटानें दाखवावी. कोणी केलें व कोठें केलें, इतके प्रश्न विचारून थांबूं नये. कां केलें, पुढें काय होईल, लेखकास त्या माणसाविषयीं काय वाटतें, असे प्रश्न विचारावे. ह्यांचीं उत्तरें ओळींत जशींच्या तशीं सांपडत नाहींत, आणि तेथेंच मुलाची समज वाढते. शेवटीं हात काढून तयार भाषांतराशीं ताडून पाहावें, व पुन्हां एकदां इंग्रजी उतारा वाचावा. ह्या वेळीं तोच उतारा मुलास निराळा वाटेल.

रथांत बसून यशयाचा ग्रंथ वाचणाऱ्या कूशी षंढाची गोष्ट आमच्या वाचकांस परिचित आहे. तो वाचीत होता, हें फिलिप्पानें धांवत रथापाशीं गेल्यावर ऐकलें. तरी वाचतोस तें समजतें काय, असें त्यानें त्यास विचारलें. प्रत्येक शाळेंत व प्रत्येक मंडळींत असा विचारणारा एक माणूस पाहिजे.

तो माणूस इंग्रजी जाणणाराच असला पाहिजे असें नाहीं. जी आई स्वतः शाळेंत गेली नाहीं, तिनें संध्याकाळीं भाकरी थापतां थापतां मुलास विचारावें कीं आज इंग्रजीच्या धड्यांत काय गोष्ट होती, ती मला सांग. गोष्ट नीट लागते कीं मधेंच तुटते, हें तिला तेव्हांच कळेल. कारण कहाणी ऐकून पारखण्यास इंग्रजी लागत नाहीं. जेथें तुटली, तेथें मुलास पुन्हां पुस्तकाकडे पाठवावें. दुसरे दिवशीं मुलानें तीच जागा शिक्षकांस दाखवावी. एवढें काम घरोघर झालें, तर बाळशास्त्र्यांनीं छापलेला तो दुसरा रकाना आमच्या लेकरांस घरच्या चुलीपाशीं मिळेल, व त्यास कांहीं खर्च पडणार नाहीं.